बार्शीत मत होते, धाराशिवात नव्हते

नकाशा उघडून बार्शी तालुका बघावा. सोलापूर जिल्ह्याचा हा तुकडा पाचरीसारखा धाराशिव जिल्ह्यात घुसलेला आहे. एका अंगाला परंडा आणि भूम, दुसऱ्या अंगाला कळंब आणि धाराशिव, खाली तुळजापूर. आज ही नुसती जिल्ह्याची हद्द आहे. १९४८ पर्यंत मात्र ती दोन राजवटींची हद्द होती. बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होती आणि भोवतालचा मुलूख हैदराबादच्या निजामाचा. हद्द असली तरी माणसांची ये-जा थांबलेली नव्हती. येडशी-तेरकडचा माल बार्शीच्या आडतीवर येई, बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी हद्द ओलांडून लातूरपर्यंत जाई, इकडच्या लेकी तिकडे आणि तिकडच्या इकडे दिल्या जात. नवरात्रात दोन्हीकडची माणसे तुळजापूरच्याच वाटेला लागत.

१९२१ साली या दोन बाजूंमध्ये एक नवाच फरक पडला. बार्शीतल्या ज्या बाईच्या स्वतःच्या नावावर पुरेशी जमीन किंवा मिळकत होती, तिला मुंबईच्या कायदे कौन्सिलसाठी मत देण्याचा हक्क मिळाला. अशा बायका बोटांवर मोजण्याएवढ्या असणार, हे उघड आहे. कारण सातबारा तेव्हाही पुरुषांच्याच नावाने बोले. पण हक्क होता. तिची सख्खी बहीण लग्न होऊन तेरला किंवा कळंबला गेली असेल, तर तिला तो नव्हता, मग तिच्या नावावर कितीही जमीन असो.

आणि तिच्या नवऱ्यालाही नव्हता. धाराशिवच्या बाईच्या मताची कहाणी या वाक्यापासून सुरू होते. पुण्या-मुंबईतली लढाई बाप्यांना मिळालेले मत बायकांनाही मिळावे यासाठी होती. इथे बाप्यांनाच मत नव्हते, मग बायकांनी मागायचे कुणाकडे आणि कुणाच्या बरोबरीने? म्हणून या जिल्ह्यातल्या स्त्रीमताधिकाराचा इतिहास शोधायला गेले की सभा, ठराव, शिष्टमंडळे यांतले काहीच हाती लागत नाही. तो शोधायचा तर हैदराबाद मुक्तिसंग्रामात शोधावा लागतो. आपल्या पुस्तकांनी हे दोन इतिहास दोन वेगळ्या कपाटांत ठेवले आहेत. मला ते चुकीचे वाटते.

आधी हद्दीपलीकडची गोष्ट थोडक्यात. डिसेंबर १९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यू मद्रासला आले असताना स्त्रियांचे एक शिष्टमंडळ त्यांना भेटले. राजकीय सुधारणा येणारच असतील तर त्यांत स्त्रियांनाही नागरिक म्हणून धरा, एवढीच मागणी होती. पुढच्या वर्षी मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाने या मागणीला पाठिंबा दिला. मताधिकार ठरवायला नेमलेल्या साउथबरो समितीने मात्र नकार दिला. समाज जुन्या वळणाचा आहे, पडदा आहे, वेळ आलेली नाही, असा एकंदर सूर. मग मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन थेट लंडनला गेल्या आणि पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांनी बाजू मांडली. शेवटी १९१९ च्या कायद्याने प्रश्न प्रांतांवर सोडला. १९२१ मध्ये आधी मद्रासने आणि मग मुंबईने स्त्रियांना मत दिले. पुण्यात या कामात रमाबाई रानडे पुढे होत्या. मुलींच्या सक्तीच्या शिक्षणावरून पुण्यात जो गदारोळ झाला, त्यातूनच ही बायकांची फळी तयार झाली होती. १९२३ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यातल्या बायकांनी पहिल्यांदा मत टाकले.

१९३५ च्या कायद्याने हा हक्क वाढवला, पण कसा? मिळकत असलेल्या नवऱ्याची बायको किंवा विधवा असेल तर मत, नाहीतर लिहिता-वाचता येत असेल तर मत. देशात साठ लाखांच्या आसपास बायका यादीत आल्या. अखिल भारतीय महिला परिषदेला ही तडजोड मान्य नव्हती. नवऱ्याच्या सातबाऱ्यावर लटकणारे मत नको, सगळ्या सज्ञान माणसांना सरसकट द्या, ही त्यांची मागणी होती. बाबासाहेब आंबेडकरांनीही सायमन कमिशनपुढे सार्वत्रिक प्रौढ मतदानाची बाजू मांडली होती. तेव्हा पुष्कळ शहाण्यांना हे अव्यवहार्य वाटले होते.

माँटेग्यूंना भेटलेल्या शिष्टमंडळाच्या म्होरक्या होत्या सरोजिनी नायडू. जन्म हैदराबादचा, घर हैदराबादला. साऱ्या हिंदुस्थानातल्या बायकांसाठी मत मागणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या गावात, निजामाच्या राजधानीत, मागण्यासारखे मतच नव्हते. इंग्रजांच्या कायद्याला संस्थानी प्रजा दिसतच नसे. सगळीच संस्थाने अशी होती असेही नाही. त्रावणकोर आणि म्हैसूरने त्याच सुमारास बायकांना मत दिले. हैदराबाद हे देशातले सर्वांत मोठे आणि श्रीमंत संस्थान, पण या बाबतीत ते मागे राहिले, आणि ठरवून मागे राहिले.

निजामाच्या राज्यात सभा भरवायची तर आधी परवानगी लागे. 'गश्ती निशाण ५३' हे नाव मराठवाड्यातल्या जुन्या पिढीच्या तोंडी अजून होते, तेव्हा मी ते पहिल्यांदा ऐकले. या हुकमाचा आधार घेऊन परिषद, व्याख्यान, साधी मिरवणूक सुद्धा अडवता येई. सार्वजनिक काम करणाऱ्यांनी मग शाळांचा आसरा घेतला. लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ मध्ये निघाली. तिथेच पुढे मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक झाले. बार्शीच्या बाईला मत मिळाले त्याच वर्षी धाराशिव जिल्ह्यात नागरिक घडवण्याचे काम पहिलीपासून सुरू झाले, असे म्हणायला हरकत नाही.

१९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस जन्माला येण्याआधीच तिच्यावर बंदी आली. सत्याग्रह झाला, माणसे तुरुंगात गेली. मग १९३९ मध्ये निजाम सरकारने सुधारणांची योजना जाहीर केली. त्यात मतदारसंघ गावांचे किंवा तालुक्यांचे नव्हते; जहागीरदार, जमीनदार, वकील, व्यापारी असे धंद्यांचे होते. हिंदू आणि मुसलमान यांना जागा निम्म्या-निम्म्या, लोकसंख्या कशीही असो. मोलमजुरी करणाऱ्या माणसाला त्यात फारशी जागा नव्हती, तिथे शेणगोठा करणाऱ्या बाईची काय कथा! युद्धामुळे ही योजनाही लांबणीवर पडली. १९४६ मध्ये तिच्यानुसार निवडणूक झाली तेव्हा स्टेट काँग्रेसने बहिष्कार टाकला. 'जबाबदार राज्यपद्धती' ही त्या काळातली घोषणा आज पुस्तकी वाटते. तिचा अर्थ साधा होता. राज्य करणाऱ्याला आम्ही निवडू. ही घोषणा देणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर बायकोचे मत होते का, हे कोण सांगणार? पण घोषणा पुरी झाली तेव्हा ते मत तिच्यासकट आले.

त्याची किंमत १९४७-४८ मध्ये द्यावी लागली. देश स्वतंत्र झाला, हैदराबाद वेगळे राहिले, आणि निजामाची बाजू घेणाऱ्या रझाकार या सशस्त्र स्वयंसेवकांचा धुमाकूळ सुरू झाला. धाराशिव, तुळजापूर, भूम, परंड्याकडची कुटुंबे घरदार टाकून बार्शी-सोलापूरकडे पळाली. हद्दीवर स्टेट काँग्रेसचे कॅम्प उभे राहिले. माणसे कॅम्पवर गेली की मागे घर, जनावरे, म्हातारी माणसे आणि दाराशी येणारे रझाकार, हे सगळे बाईच्या वाट्याला येई. निरोप पोचवणे, भाकरी बांधून देणे, हत्यारे लपवणे हे काम बायकांनी केले. त्याची नोंद कुणी ठेवली नाही, कारण ते काम बायकांचेच असते असे समजले गेले.

नोंद राहिली ती काही जणींची. भूम तालुक्यातल्या ईट गावच्या गोदावरीबाई टेके यांनी रझाकारांविरुद्ध बंदूक हाती घेतली आणि त्या लढ्यात त्यांनी प्राण गमावला. जालना भागातल्या दगडाबाई शेळके, सत्याग्रही आशाताई वाघमारे यांचीही नावे मराठवाड्याला ठाऊक आहेत. पण ईटची ही बाई आमच्या जिल्ह्याची. मतदानाच्या दिवशी 'मी गेले नाही तर काय बिघडणार' असे म्हणणाऱ्या कुणालाही तिचे नाव सांगायला हवे.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौज सोलापूरकडून आत शिरली. पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडले. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला आणि रणगाड्यांना हैदराबादची वाट मोकळी झाली. पाच दिवसांत, १७ सप्टेंबरला, निजाम शरण आला. मुक्तिदिनाच्या भाषणात गोष्ट इथे संपते. पण इथे एक गोष्ट वगळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या आठवड्यांत जिल्ह्यातल्या अनेक गावांत सूड उगवला गेला, आणि तो रझाकारांपुरता राहिला नाही. या हिंसाचाराची पाहणी करायला आलेल्या पंडित सुंदरलाल समितीने वर्षाअखेरीस दौरा केला, तेव्हा सर्वांत जास्त हानी झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे, म्हणजे आजच्या धाराशिवचे, नाव घातले. तो अहवाल पुढे कित्येक वर्षे सरकारी दप्तरात बंद राहिला. घरातले पुरुष गमावलेल्या मुसलमान बायका याच गावांत राहिल्या आणि तीन वर्षांनी मतदारयादीत त्यांचीही नावे आली. मताचा हक्क सगळ्यांना एकाच दिवशी मिळाला. ज्या मनःस्थितीत तो मिळाला, ती मात्र घराघरांत वेगळी होती.

नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने भारताची घटना मान्य असल्याचे फर्मान काढले आणि २६ जानेवारी १९५० पासून धाराशिवच्या माणसाला कलम ३२६ लागू झाले. वय वर्षे एकवीस पुरी, एवढीच अट. शेतसारा किती, शिक्षण किती, नवरा कोण, काही नाही. पुण्या-मुंबईच्या बायकांना जे तीस वर्षांत पायरीपायरीने मिळाले, ते या जिल्ह्यातल्या बाईला एका फटक्यात मिळाले, आणि तिच्या नवऱ्याला जितके मिळाले तितकेच. उंबरठ्यावर दोघे बरोबरच आले. हद्दीअलीकडच्या मागासपणाने दिलेला हा एकच चांगला वारसा म्हणायचा.

पण यादीत नाव यायला आधी नाव सांगावे लागते. इथे खरी पंचाईत झाली.

देशभर यादी करणारे कारकून, पटवारी, मास्तर दारोदार फिरले तेव्हा बायकांनी स्वतःचे नाव सांगायचे टाळले. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढेच. अनोळखी पुरुषापुढे आपले नाव उच्चारायचे नाही, ही रीत. आपल्याकडे तर पेच दुहेरी. नवऱ्याचे नाव उखाण्याशिवाय घ्यायचे नाही, आणि यादीत पतीच्या नावाचा रकाना असतोच. त्यात लग्नात नाव बदललेले. माहेरची चंद्रभागा सासरी आली की रुक्मिणी होते, गल्लीत ती थोरली काकू असते, भावकीत 'अमक्याची आई'. पटवाऱ्याने ओट्यावर बसून वही उघडली, 'नाव काय म्हणावं?' असे विचारले, की उत्तर बहुधा आतून, दाराआडून, सासूकडून किंवा दिराकडून येई. ती स्वतः पदर दातात धरून उभी. कुठल्याही खेड्यात त्या काळी दिसले असते असे हे चित्र आहे.

मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठाम भूमिका घेतली. बाई म्हणजे कुणाची तरी आई किंवा बायको नव्हे. यादीत तिचे स्वतःचे नाव हवे. नाव नसेल तर ती नोंद गाळा. काही राज्यांत नावे देण्यासाठी मुदत वाढवून दिली. तरीही देशातल्या सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी २८ लाख बायकांची नावे शेवटी वगळावी लागली. बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतली. सेनांवर तेव्हा टीका झाली आणि आजही कुणी म्हणेल, मतापेक्षा नावाचा हट्ट मोठा का केला? मला तो हट्ट बरोबर वाटतो. 'गणपतची बायको' म्हणून यादीत आलेली बाई गणपत गेला की कोण उरते? १९३५ च्या कायद्यात तिचे मत नवऱ्याच्या जमिनीला बांधलेले होते. ही गाठ नावापुरती तरी सोडवायला हवी होती. त्या २८ लाखांना पहिल्या निवडणुकीत मत देता आले नाही, हे खरेच. पुढच्या निवडणुकीला त्यांच्यातल्या पुष्कळजणींनी नाव सांगितले असणार, हेही तितकेच खरे.

१९५१-५२ च्या हिवाळ्यात पहिले मतदान झाले. आज यंत्रावर बटण दाबणाऱ्याला त्या वेळची पद्धत सांगावी लागते. शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचे चिन्ह. बैलजोडी, झाड, झोपडी, हत्ती. एक रुपयाच्या नोटेएवढी मतपत्रिका नाशिकच्या छापखान्यात छापलेली. ती पडद्याआड जाऊन हव्या त्या पेटीत टाकायची. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांपैकी जेमतेम नऊ जणींना लिहिता-वाचता येत होते. त्यांच्यासाठीच ही व्यवस्था होती. बायकांसाठी देशभर २७ हजारांवर वेगळी मतदान केंद्रे उघडली होती, शक्य तिथे आत बायकाच कामाला. सासरा, दीर, पाटील यांपैकी कुणीच पडद्याआड सोबत येऊ शकत नव्हते. बाहेर कुणी काहीही बजावलेले असो, त्या दोन पावलांत ती एकटी असे. घरात, शेतात, देवळात अशी एकटीची जागा तिला दुसरी कुठे होती?

उस्मानाबादने लोकसभेवर काँग्रेसचे राघवेंद्रराव दिवाण यांना पाठवले. हैदराबादची पहिली निवडलेली विधानसभा आली, बी. रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. चार वर्षांत भाषावार प्रांतरचना झाली आणि जिल्हा मुंबई राज्यात आला. बार्शी आणि धाराशिव आता एका राज्यात.

यानंतरची पंचवीस-तीस वर्षे मी चटकन ओलांडतो, कारण त्यांत सांगण्याजोगे थोडे आहे. मत द्यायला बायका जात, पण पुरुषांहून कमी. १९६२ मध्ये देशभर पुरुषांचे मतदान ६३ टक्के होते तर बायकांचे ४७ च्या आत. जिल्हा परिषदा आल्या, त्यांत बाई निवडून आली नाही तर एखादीला स्वीकृत करून घेण्याची सोय केली. स्वीकृत बाई म्हणजे बहुधा कुणाची तरी पत्नी. यादीतून घालवलेली 'अमक्याची बायको' सभागृहाच्या मागच्या दाराने परत आली, असे म्हणायला हवे.

बदलाचे खरे वर्ष १९९३. एप्रिलमध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामपंचायतीत तिसरा हिस्सा बायकांचा झाला. सप्टेंबरच्या ३० तारखेला पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. उमरगा आणि लोहारा भागातली गावेच्या गावे आडवी झाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, पण या जिल्ह्यात त्या एकमेकींत मिसळल्या. घरे पुन्हा बांधताना सरकारने गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' नेमल्या. स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्या कामात होती. सिमेंटची पोती मोजणे, हप्ता का अडला हे विचारायला तहसीलला जाणे, ग्रामसभेत उभे राहून इंजिनिअरला उलटा प्रश्न करणे, हे सगळे बायका करू लागल्या. सरपंचपदाची खुर्ची आरक्षणाने आली, तिच्यावर बसून बोलायचा सराव मात्र अनेकींना ढिगाऱ्यांनी दिला. २०११ मध्ये राज्याने स्थानिक संस्थांतला हिस्सा निम्मा केला. 'सरपंचपती' नावाचा प्राणी अजून दिसतो, ग्रामसभेत पुढच्या खुर्चीवर बसलेला. पण सही तिची लागते, आणि सहीसाठी त्याला तिच्याकडे वही न्यावी लागते.

२०१९ मध्ये देशभरात बायकांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांच्या पुढे गेली. २०२४ मध्येही थोडक्यात पुढेच राहिली. २०२३ मध्ये लोकसभा आणि विधानसभांत तिसरा हिस्सा राखण्याची घटनादुरुस्ती मंजूर झाली. ती लागू व्हायची ती जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर. म्हणजे पुन्हा थांबा. साउथबरोने सांगितले होते तसेच.

तोवर जिल्ह्याचा हिशेब असा आहे. १९५२ पासून २०२४ पर्यंत लोकसभेच्या अठरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. उस्मानाबाद मतदारसंघाने बाईला निवडून दिले ते एकदाच. २००४ मध्ये शिवसेनेच्या कल्पना नरहिरे निसटत्या मताधिक्याने खासदार झाल्या. उरलेल्या सतरा वेळा बायकांनी रांगेत उभे राहून पुरुषालाच दिल्लीला पाठवले.